लागू पडणारं पाणी

"म्हण की पुन्हा! हिंमत असेल तर पुन्हा म्हण!"

पिजन लेकच्या लाकडी धक्क्यावर मार्नी फोलमर मुठी आवळून उभी होती. समोर ब्रॉडी, तलावाकाठच्या कॅम्पचा मालक मिस्टर हॅगर्टी याचा पुतण्या, पोहायचा चष्मा कपाळावर चढवून दात काढत होता.

"म्हणतो ना! फोलमरबाईंचं लिंबूपाणी, एक घोट प्या आणि दिवसभर..."

पुढच्याच क्षणी ब्रॉडी तलावात होता. चष्म्यासकट, आणि अर्धं वाक्य तोंडातच ठेवून! जीवरक्षकाने शिट्टी फुंकली, काठावरच्या बायकांनी माना वळवल्या, आणि रुबेन ओचोआने मार्नीला दंडाला धरून धक्क्यावरून खेचत नेलं.

"अगं ए, रोज एकेकाला ढकललंस तर तलावात पाणी उरणार नाही, नुसती पोरंच उरतील!"

"उरू देत! पोहायला तरी शिकतील."

"त्याला येतं पोहता."

"तेच तर वाईट झालं," मार्नी म्हणाली.

रुबेन दर जुलैत आईवडिलांबरोबर शिकागोहून आतच राहायची सोय असलेल्या जुन्या कॅम्पर गाडीतून इथे यायचा आणि तीन आठवडे चूल, मासे आणि डास यांच्या संगतीत काढून परत जायचा. बारा वर्षांची मार्नी आणि तिचा नऊ वर्षांचा भाऊ ओटो मात्र इथलेच, दोन मैलांवरच्या ऑर्डवे स्प्रिंग्ज गावातले. तिघांच्या दोस्तीचा हा पाचवा उन्हाळा होता.

मार्नी चिडली होती त्याला कारणही तसंच होतं. तलावाकाठी तिच्या आईची खाऊची टपरी होती. गेल्या रविवारी तिथे सतरा जणांची पोटं बिघडली. काउंटीच्या आरोग्य तपासनीस मिसेस प्रुइट आल्या, त्यांनी प्रत्येकाला काय खाल्लं, काय प्यायलं ते विचारलं, आणि सतराही जणांच्या तोंडून फोलमरबाईंचं लिंबूपाणी निघालं. झालं! टपरी बंद, दारावर पिवळा कागद. लिंबं, साखर, बरण्या सगळं तपासायला गेलं. अहवाल यायला दहा दिवस लागणार होते, पण गावाला अहवाल हवा होता कुठे? गावाने दुसऱ्याच दिवशी निकाल लावून टाकला. "स्वतःच्या पोरालासुद्धा सोडलं नाही हो बाईने," असं किराणा दुकानात दोघीजणी म्हणाल्या, आणि तेही मार्नी त्यांच्या मागे रांगेत उभी असताना! कारण त्या सतरांतला पहिला ओटो होता. चार दिवस त्याच्या पोटात घोटभर पाणी ठरलं नव्हतं.

आई कुणाशीच भांडली नाही. ती घरातली घासलेली भांडी पुन्हा घासत बसली. मार्नीला याचा जास्त राग येत होता.

"लिंबूपाण्यात असतं काय काय?" रुबेनने विचारलं. तिघे ओचोआंच्या चुलीपाशी भाजलेली कणसं खात बसले होते. ओटोला आई अजून फक्त पेज देत होती, त्यामुळे तो दुसऱ्यांच्या कणसांकडे पाहून उसासे टाकत होता.

"लिंबं. साखर. पाणी. त्यात काय असायचंय?"

"पाणी कुठलं?"

"हे काय विचारणं झालं? झऱ्याचं!"

ऑर्डवेचं लिंबूपाणी झऱ्याच्या गंधकाच्या पाण्याचंच असावं लागतं. ते रात्रभर उघडं ठेवलं की सडक्या अंड्यांचा वास निम्मा उडतो. उरलेला वास बाहेरचे नाक दाबून सहन करतात आणि गावचे मिटक्या मारतात. त्या पाण्यासाठीच शंभर वर्षांपूर्वी इथे मोठमोठी हॉटेलं उभी राहिली, लांबलांबचे श्रीमंत आजारी आगगाडीने येऊन टबात डुंबले. 

"मग पाणीच खराब असेल," रुबेन सहज म्हणाला.

मार्नीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने कणीस खाली ठेवलं.

"झऱ्याचं पाणी? खराब? रुबेन, गावात असं मोठ्याने बोलू नकोस. मार खाशील."

"बरं बाई, नाही बोलत. पण वास घेऊन बघायला कुणी मारणार आहे का?"

झरा गावाच्या मधोमध होता. त्यावर पांढऱ्या खांबांचा गोल मंडप, आत पितळी नळ, आणि नळाशेजारच्या बाकावर बाराही महिने बसलेले म्हातारे. दुपारी तिघे सायकलींवरून तिथे पोचले तेव्हा बाकावर जोरदार चर्चा चालू होती.

"काय पाणी आहे यंदा!" टफ्ट आजोबा मांडीवर थाप मारून सांगत होते. "काल चारदा जाऊन आलो! चारदा!"

"चारदाच?" शेजारचा म्हातारा म्हणाला. "माझं सहा वेळा झालं."

"माझी बायको तर सोमवारपासून न्हाणीघरातून बाहेरच आलेली नाही," तिसऱ्याने अभिमानाने सांगितलं. "पाणी लागू पडतंय म्हणायचं!"

मार्नी सायकलवरून उतरता उतरता थांबली. हे पाणी पोट साफ करतं हे ऑर्डवेचं पोरन् पोर जाणतं. जुन्या जाहिरातींत तसं छापलेलंच आहे. पण सहा वेळा?

"टफ्ट आजोबा, मागच्या वर्षी किती वेळा व्हायचं हो?"

"मागच्या वर्षी? छे! तेव्हा पाण्यात दम नव्हता. आठवड्यातून एखादा दिवस. यंदा जून संपला आणि जोर आला बघ!"

रुबेनने टिनचा पेला भरला आणि नाकाशी नेला. पुन्हा नेला.

"सडकी अंडी," तो हळूच म्हणाला. "आणि फुलं."

"कसली फुलं?"

"खोटी फुलं. मार्नी, आमच्या गाडीच्या संडासात बाबा एक निळं औषध टाकतात. घाण वास झाकायला. टाकी रिकामी करताना मीच पाइप धरतो, हा वास मी झोपेतही ओळखीन!"

मार्नीने पेला घेतला, हुंगला आणि पाणी जमिनीवर ओतून टाकलं. ज्या पाण्याला एरवीच सडका वास, त्यात आणखी काही सडलं तर कळणार कुणाला? आणि ज्या पाण्याने पोट जायलाच हवं, ते पिऊन पोट गेलं तर लोक बाकावर बसून मोजणारच!

"गाड्यांचा मैला जातो कुठे?" तिने विचारलं. "टाकीत ओतल्यावर पुढे?"

रुबेनने खांदे उडवले. "ते मिस्टर हॅगर्टीलाच ठाऊक."

कॅम्पच्या मागच्या अंगाला गाड्यांचा मैला सोडायची जमिनीखालची टाकी होती. ती उपसायला महिन्याला टँकर यायचा. निदान पूर्वी यायचा. आता टाकीच्या झाकणाखालून एक जाड काळा पाइप बाहेर आला होता आणि काटेरी झुडपांत शिरला होता. तिघे पाइपाच्या मागोमाग ओणवे होऊन सरकत गेले. काट्यांनी ओटोचा शर्ट फाटला, पण पठ्ठ्याने आवाज केला नाही.

पाइप संपला तो गावाने 'घसा' नाव दिलेल्या खड्ड्यापाशी! या भागातली जमीन आतून पोकळ, चुनखडीची. कुठे कुठे ती खचते आणि विहिरीएवढा खड्डा पडतो. घशात तर एक ओढाच्या ओढा शिरून नाहीसा व्हायचा. गावाने तीन पिढ्या त्यात जुने टायर, मोडके फ्रिज, मेलेली कोंबडी, काय वाटेल ते लोटलं होतं. दिसेनासं झालं की संपलं, अशी मोठ्या माणसांची समजूत! आता त्या घशात हॅगर्टीचा पाइप निळसर घाण ओकत होता.

"ई!" ओटो नाक धरून ओरडला. "म्हणजे मी हे प्यायलो?"



"काय रे, काय चाललंय इथे?"

मागे हॅगर्टी उभा होता, गवत कापायच्या यंत्राच्या तेलाने माखलेला. मार्नी उठून सरळ त्याच्यासमोर गेली.

"मिस्टर हॅगर्टी, तुमची घाण झऱ्यात जातेय. लोक आजारी पडताहेत, आणि बोल माझ्या आईला लागतोय!"

हॅगर्टी आधी पाइपाकडे आणि मग तिच्याकडे बघून हसला. त्या हसण्याने मार्नीच्या डोक्यात तिडीक गेली.

"झरा दोन मैलांवर आहे, पोरी. जमीन सगळं गाळून घेते. तू शाळेत काय शिकतेस? जा, आईला लिंबं धुवायला शिकव."

त्याने असं म्हणायला नको होतं.

मिसेस प्रुइटच्या कचेरीत तर त्याहून वाईट झालं. बाई गोड बोलल्या! "बाळ, आईसाठी तुझा जीव तुटतो, कळतं मला. पण झऱ्यावर असा आरोप करायचा तर पुरावा लागतो. आणि परवा शनिवारी झऱ्याचा उत्सव आहे, सगळा गाव पाणी प्यायला येणार. उगीच घबराट नको, हं?"

"पुरावा तुम्ही शोधायचा असतो!" मार्नी टेबलावर हात आपटून म्हणाली. "तुमचं कामच ते आहे!"

बाईंनी तिला दाराबाहेर काढलं.

आयडा आजी, म्हणजे मार्नीच्या आईची आई, चाळीस वर्षं ऑर्डवेतले नळ आणि पाइप दुरुस्त करत आली होती. गावातली पहिली बाई प्लंबर, आणि अजूनही सर्वांत कमी बोलणारी. तिने तिघांचं सगळं ऐकून घेतलं. मार्नी तर सांगता सांगता ओरडतच होती.

"ओरडून झालं?" आजीने विचारलं.

"नाही!"

"मग ओरडून घे. पण गळती ओरडून सापडत नसते."

मार्नी एकदम उठली. "रंग! आजी, त्या शाळेच्या तळघरात पाणी कुठून येतंय ते तू रंग टाकून शोधलं होतंस! आहे अजून?"

आजी पहिल्यांदाच हसली. गॅरेजमधल्या फळीवरून तिने एक डबा काढला. आत विटकरी पूड होती.

"पाणी लागलं की हिरवीगार होते. चिमूटभर टाकली तरी विहीर रंगते. विषारी नाही, पण कातडीवर बसली की आठवडाभर निघत नाही. हातमोजे घाला. आणि मी बरोबर येणार, तुम्हा तिघांना त्या खड्ड्याच्या काठी एकटं सोडणार नाही."

शुक्रवारी सकाळी हॅगर्टी गावात गेला, तेवढ्यात आजीने डब्यातली जवळजवळ सगळी पूड ओढा घशात शिरतो तिथे ओतली. पाणी क्षणात हिरवं झालं आणि घशात नाहीसं झालं. उरलेली चिमूटभर पूड घेऊन ओटो पाइपाच्या टोकाशी खुडबुडत होता.

"काय करतोयस रे?"

"काही नाही," ओटो म्हणाला. "पाइपाला पावडर लावतोय. मिस्टर हॅगर्टी उद्या म्हणतील, माझा पाइप इथे नव्हताच. म्हणतील की नाही?"

रुबेनने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "पेज पिऊन पिऊन अक्कल वाढली रे तुझी!"

मग ते मंडपात जाऊन बसले. दुपार झाली, संध्याकाळ झाली. टफ्ट आजोबांनी आपला नवा आकडा सांगितला. नळातून मात्र स्वच्छ, नितळ, दुर्गंधी पाणी येत राहिलं.

"आजीच्या पावडरीची मुदत संपली असेल," ओटो कुरकुरला.

"किंवा हॅगर्टी खरं बोलत असेल," रुबेन म्हणाला, आणि मार्नीचा चेहरा पाहून त्याने लगेच जीभ चावली.

शनिवारी मंडपासमोर सगळा गाव लोटला. बँड वाजत होता, तळलेल्या माशांचा वास सुटला होता. नगराध्यक्ष मिस्टर डॅन्फर्थ गळ्यात निळी फीत घालून नळाशी उभे होते. दरवर्षीप्रमाणे पहिला मान गावातल्या बालवाडीचा. वीसेक चिमुरडी कागदी पेले धरून रांगेत उभी होती. पुढची मुलगी तर चार वर्षांचीही नसेल.

पाणी अजूनही स्वच्छ दिसत होतं.

मार्नीने आधी मिसेस प्रुइटना गाठलं. "आज नको, बाळ." मग बँडवाल्या मास्तरांना, मग बालवाडीच्या बाईंना. कुणी हसलं, कुणी 'शू' केलं, एकीने तर "आईने पाठवलं का?" असं विचारलं. त्या प्रश्नावर मार्नीचा संयम संपला. ती रांग तोडून पायऱ्या चढली आणि तिने नळाच्या तोंडावर तळहात दाबून धरला.

"कुणी प्यायचं नाही!"

बँड बेसूर होत थांबला.

"मुली, हात काढ," नगराध्यक्ष दातांतल्या दातांत म्हणाले.

"नाही काढणार! यात मैला आहे! माझा भाऊ यानेच आजारी पडला!"

गर्दीत एकच गलका उडाला. "कुणाची पोर ही?" "फोलमरबाईंची. आणखी कुणाची असणार!" "आईचं झाकायला झऱ्याचं नाव खराब करतेय!" हॅगर्टी पुढे सरसावला. "मी काढतो तिला!" पण रुबेन आणि ओटो पायरीवर हातात हात गुंफून उभे राहिले. मार्नीच्या बोटांमधून पाणी उडत होतं, बाही भिजली होती आणि हात गारठून दुखत होता.

गर्दी सारत आई पुढे आली. तिच्याकडे पाहून लोक आपोआप बाजूला झाले.

"मार्नी," आईने विचारलं, "तुला खात्री आहे?"

मार्नीने ओल्या नळाकडे पाहिलं. पुरावा नव्हता. कालपासून एक थेंबही रंगला नव्हता.

"आहे," ती म्हणाली.

आई पायरी चढली आणि लेकीच्या हातावर तिने आपला हात ठेवला. "मग मीही हलत नाही."

"पुरे झाला तमाशा!" नगराध्यक्ष गरजले. "ही परंपरा शंभर..."

"आई! आई, बघ!" रांगेतली ती चिमुरडी मार्नीच्या कोपराकडे बोट दाखवत होती. "ताईचा हात बेडूक झाला!"

मार्नीच्या कोपरावरून हिरवं पाणी ओघळत होतं. आधी पोपटी, मग गडद, मग डोळ्यांत खुपेल इतकं हिरवंगार! तिने हात काढला. नळातून हिरवी धार उसळली आणि नगराध्यक्षांच्या पांढऱ्या बुटांवर पडली.

"हा रंग काल सकाळी आठ वाजता घशात टाकला," आयडा आजी गर्दीतून म्हणाली. तिला आवाज चढवावा लागला नाही. "मी टाकला. तिथेच कॅम्पच्या मैल्याचा पाइप सुटतो."

"खोटं!" हॅगर्टी ओरडला. "माझा पाइप तिथे नाही! कधीच नव्हता! जाऊन बघा!"

"आज नसेलच," आजी म्हणाली. "लॉयल हॅगर्टी, जुलैच्या उन्हात हातमोजे कशाला रे?"

हॅगर्टीने हात मागे घेतले.

"हात दाखव."

सगळा गाव बघत होता. शेवटी बँडवाल्या मास्तरांनीच त्याचा एक हातमोजा ओढून काढला. पाइप पहाटे घाईघाईने ओढून लपवताना ओल्या हातांवर जे बसलं होतं, ते मनगटापर्यंत हिरवंगार चमकत होतं! ओटोने आनंदाने उडी मारली. बाकावरून टफ्ट आजोबा सावकाश उठले, त्यांनी आपल्या पोटाकडे पाहिलं आणि ते पुन्हा बसले.

नगराध्यक्ष मात्र मुरलेले. दोन मिनिटांत त्यांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. "बंधुभगिनींनो, मिस्टर हॅगर्टींची आजच चौकशी होईल! आणि ऑर्डवे स्प्रिंग्जला आपल्या या तीन धाडसी मुलांचा अभिमान आहे! टाळ्या!" टाळ्या कडाडल्या. रुबेनने कमरेत वाकून त्या स्वीकारल्या. "आणि गेल्या आठवड्यात कुणाच्या भावना दुखावल्या गेल्या असतील, तर..."

"असतील तर?" मार्नीचा आवाज टाळ्यांच्या वर गेला. "असतील तर नाही. दुखावल्या! आणि 'कुणाच्या' नाही. माझ्या आईच्या. तिचं नाव एस्थर फोलमर आहे. नीट म्हणा!"

डॅन्फर्थसाहेबांची मान लाल झाली.

"एस्थर फोलमर," ते शेवटी म्हणाले, "तुमच्यात काही खोट नव्हती. पाण्यात होती. आम्ही न बघता तुम्हाला दोषी ठरवलं. आमचं चुकलं."

"मी लिंबं तपासली," मिसेस प्रुइट खाली बघत म्हणाल्या, "आणि झऱ्याचा थेंबही तपासला नाही. ही मुलगी दारात येऊन सांगत होती तरी नाही. चूक माझी आहे."

किराणा दुकानातल्या त्या दोघी मागच्या मागे सटकत होत्या. मार्नीने त्यांना पाहिलं, पण तिला हाक मारता आली नाही. आठवडाभर आवळलेल्या मुठी सुटल्या आणि ती भर गावासमोर हमसाहमशी रडायला लागली.

आयडा आजीने तिच्या हिरव्या कोपरावर थोपटलं. "चांगलं काम केलंस, पोरी. चाळीस वर्षांत माझ्याने अशी गळती शोधली गेली नाही."

आईने तिला जवळ घेतलं. मार्नीला वाटलं, आता आईही रडणार. पण आईने नगराध्यक्षांच्या हातातून ध्वनिक्षेपक काढून घेतला.

"माझं ऐका!" तिचा आवाज इतका खणखणीत होता की पुढची रांग दचकली. "आत्ताच्या आत्ता घरी जाऊन या पाण्याची एकूण एक बरणी ओतून टाका. म्हाताऱ्यांनी डॉक्टरकडे जा, आकडे मोजत बसू नका. आणि मिस्टर डॅन्फर्थ, त्या घशाभोवती सोमवारी कुंपण दिसलं नाही, तर मंगळवारी मी तुमच्या दारात उभी असेन. रोज!"

मग तिने लेकीचे डोळे पुसले. "तू रड, बाळ," ती म्हणाली. "मी घरी गेल्यावर रडणार आहे. आधी या लोकांना कामाला लावते."